लिंकनच्या मुदपाकखान्यातला राजा

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू हात लपवत होतास ते मला दिसलं, आणि मग हळूच म्हणालास की हॉटेलात भांडी घासतोय पण काकाला सांगू नको. बाबा शेजारीच होते म्हणून मी काही बोलले नाही. रात्री झोपच येईना, मग तुझं इंग्लंडमधलं लिंकन गाव मोबाईलवर वाचत बसले आणि त्यात मला हॅवेलॉक भेटला.

दंतकथाच आहे ही, खरा इतिहास नाही. १३०० च्या आगेमागे कुणीतरी त्या काळच्या इंग्रजीत साधारण ३००० ओळींत रचलेली. हॅवेलॉक डेन्मार्कचा राजपुत्र. बाप मेला, आणि ज्याच्या हवाली पोरं केली त्या गोडार्डने दोघी बहिणींचे गळे कापले आणि याला समुद्रात बुडवायला ग्रिम नावाच्या कोळ्याकडे दिलं. मध्यरात्री ग्रिमच्या बायकोला दिसलं की झोपलेल्या पोराच्या तोंडातून उजेड पडतोय, आणि उजव्या खांद्यावर राजाची खूण. मग ग्रिमने मेंढ्या, गाय, घोडा, होतं नव्हतं ते सगळं विकलं, होडी तयार केली आणि बायको, पाच पोरं आणि याला घेऊन इंग्लंड गाठलं. जिथे उतरला ते आजचं ग्रिम्सबी, तुझ्यापासून ५०-६० किलोमीटरवर. त्या गावाच्या १३ व्या शतकातल्या शिक्क्यावर या ग्रिमचं, हॅवेलॉकचं आणि त्याच्या राणीचं नाव आहे बघ.

आता मला जे लागलं ते सांगते. पोरगा मोठा झाला, आणि त्याच्या मनात आलं की ग्रिम आणि त्याची पाच पोरं मिळून खातात त्याहून मी एकटा जास्त खातो, आणि बसून खातो. लाज वाटली ती याची. कामाची नाही, काम करायला कसली लाज असं तो सरळ म्हणतो. मग टोपली पाठीवर घेऊन मासे विकायला लागला. पुढे दुष्काळ पडला तेव्हा ग्रिमने त्याला लिंकनला धाडलं, अंगात कपडा नव्हता म्हणून होडीचं शीड कापून त्याचा अंगरखा शिवला, पायात काही नाही. हे वाचताना मला तुझी निघतानाची बॅग आठवली, बाबांचं जुनं जर्किन घातलं होतं त्यात.

लिंकनमध्ये दोन दिवस उपाशी. तिसऱ्या दिवशी सरदाराच्या आचाऱ्याने पुलावर हमालांना हाक मारली आणि हा सगळ्यांना बाजूला सारत धावला. आचारी बर्ट्रम म्हणाला माझ्याकडे राहतोस का, तर हा म्हणतो पगार नको, पोटभर जेवायला द्या. पाणी भरायचा, लाकडं आणायचा आणि लहान पोरं याच्या अंगाखांद्यावर खेळायची. पुढचं थोडक्यात सांगते, इंग्लंडची राजकन्या गोल्डबरोचा हक्क मारायला तिच्या पालकाने तिचं लग्न मुद्दाम या स्वयंपाक्याच्या नोकराशी लावलं, तिने रात्री तोच उजेड पाहिला, मग डेन्मार्क परत मिळालं आणि नंतर इंग्लंडही, ६० वर्षं राज्य केलं म्हणे.

पण राजा झाल्यावर त्याने त्या आचाऱ्याला कॉर्नवॉलचा सरदार केलं आणि ग्रिमची एक मुलगी त्याला दिली. ग्रिम तोवर गेला होता, त्याच्या नावाने मठ बांधला. मी हे दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोळे भरून आले.

तुझ्या हॉटेलातला तो आचारी, उरलेलं जेवण डब्यात भरून देतो म्हणालास ना, त्याला माझा नमस्कार सांग. काकाला सांगायचं का ते तू ठरव, पण त्याने मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, माझा मुलगा काम करतो असंच सांगेन. कर्जाच्या हप्त्याचं मनात आणू नको, प्लॉट विकला तो आम्ही आमच्या मनाने विकला.

नदीवरच्या जुन्या पुलाचा एक फोटो पाठव. आणि रात्री हाताला खोबरेल लावून झोप, बॅगेच्या डाव्या कप्प्यात बाटली आहे.

तुझी आई