दंडावरच्या काळ्यानिळ्या डागाविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आईने माझ्या दंडावरचा काळानिळा डाग पाहिला, मी कपाटाचे दार लागल्याचे सांगितले आणि तिने ते पटल्यासारखे दाखवले. त्याच संध्याकाळी तुमच्या नातीने पाठवलेल्या छायाचित्रात तिच्या दोन्ही हातांवर काळ्या शाईच्या मोठ्या फुल्या होत्या, मागे घामाने निथळणारी मुले होती आणि एका कोपऱ्यात केस विस्कटलेली मीही होते. त्यानंतर कपाटाची गोष्ट टिकणे शक्यच नव्हते. बाबांनी "हे काय आहे?" एवढेच लिहून पाठवले. त्याचे उत्तर फोनवर धड देता आले नसते, कारण आई मध्येच जेवणाचे विचारते आणि बाबा फोन तिच्या हाती देऊन उठून जातात, म्हणून हे पत्र.

शनिवारी आम्ही दोघी बर्कलीला पॉप पंक आणि हार्डकोर बँडांच्या, म्हणजे वेगवान आणि कर्कश गिटारच्या रॉक संगीताच्या, कार्यक्रमाला गेलो होतो. फ्रीमाँटहून नॉर्थ बर्कलीला बार्टची, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेची, थेट गाडी आहे आणि स्थानकावरून पश्चिमेकडे वीस-पंचवीस मिनिटे चालले की गोदामे आणि कारखाने असलेल्या भागात ९२४ गिलमन स्ट्रीट हा पत्ता येतो. तोच पत्ता त्या जागेचे नाव झाला आहे. बाबा, गंमत म्हणजे त्याच इमारतीत खुर्च्यांना वेत विणण्याच्या सामानाचे दुकान कित्येक वर्षे होते, आणि नवखी माणसे त्या दुकानाच्या पाटीवरूनच ही जागा शोधत असत. तुमच्या ओसरीवरच्या खुर्चीचा वेत बदलायला मिरजेत आता माणूस मिळत नाही ही तुमची तक्रार मला तिथे पोहोचताच आठवली.

ही जागा ३१ डिसेंबर १९८६ रोजी सुरू झाली. त्या काळी अशी गाणी बहुधा दारूच्या अड्ड्यांतच होत, त्यामुळे ती ज्यांच्यासाठी होती त्या कोवळ्या मुलांनाच आत जाता येत नसे. ही अडचण ओळखून काही मंडळींनी हे गोदाम भाड्याने घेतले. १९८८ मध्ये मूळ मंडळींनी हात टेकले आणि जागा बंद पडली, पण थोड्याच अवधीत स्वयंसेवकांनी ती पुन्हा उघडली आणि आजतागायत तेच ती चालवत आले आहेत. आत दारू मिळत नाही आणि चालतही नाही. मारामारी, वंशद्वेष, बायकांची अवहेलना यांपैकी काहीही खपवून घेतले जाणार नाही, असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. दारावर तिकीट देणारी मुलगी फार तर वीस वर्षांची असेल, तिने माझ्याकडे पाहून "आई ना?" असे विचारले आणि माझ्या सभासदत्वाच्या कार्डावर नाव लिहिताना स्पेलिंग दोनदा विचारून घेतले. इथल्या सरकारी कचेऱ्यांत माझ्या नावाची इतकी काळजी कोणी घेतलेली नाही.

आता त्या फुल्यांविषयी, कारण आईला ते काही करणी-बिरणी वाटले असणार. राजधानी वॉशिंग्टनची काही अल्पवयीन मुले १९८० मध्ये आपला बँड घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आली होती. मबुहाय गार्डन्स नावाच्या एका फिलिपिनो उपाहारगृहात असे कार्यक्रम होत, आणि तिथे त्या मुलांना कोणी चुकूनही दारू देऊ नये म्हणून त्यांच्या हातांवर फुली मारण्यात आली. मुलांनी घरी परतल्यावर आपल्या गावच्या क्लबला हीच युक्ती सुचवली: फुली मारा, पण आम्हाला आत सोडा. त्यांच्यातलाच इयन मॅकाय हा पुढे मायनर थ्रेट या बँडमध्ये गायला लागला, आणि दारू, सिगारेट, अमली पदार्थ यांपासून लांब राहणाऱ्यांनी ती फुली अभिमानाने मिरवायला सुरुवात केली. गिलमनमध्ये दारूच नसल्यामुळे फुलीची गरज नाही. नातीने ती घरून निघतानाच मार्करने काढून घेतली होती. तेव्हा आई, तुझ्या पंधरा वर्षांच्या नातीने हातावर जे लिहिले होते त्याचा अर्थ "मी पीत नाही" असा आहे. फक्त ती शाई अजून निघालेली नाही आणि शाळेतून त्याबद्दल विचारणा झाली आहे, हे मात्र खरे.

बाबा, तुमचा आक्षेप वेगळा असणार, तो म्हणजे हा नुसता आरडाओरडा आहे. हार्डकोरच्या गळ्याबद्दल मी वाद घालणार नाही. तो गायक ओरडतोच, आणि मला चारांपैकी एका बँडचा एकही शब्द कळला नाही. गाणी मिनिटा-दीड मिनिटांत संपतात, त्यामुळे आवडले नाही तर फार वेळ सोसावे लागत नाही. पॉप पंक मात्र तुम्हालाही कदाचित गुणगुणता येईल, कारण वेग तोच असला तरी त्यात सरळ, सोपी चाल असते आणि धृपद आले की सगळी खोली गाते. विषय बहुतेक ठरलेले: गाव सोडून जायचे आहे, मैत्रीण सोडून गेली आहे, आईवडिलांना काही समजत नाही. या शेवटच्या विषयावरचे गाणे लागले तेव्हा नातीने माझ्याकडे पाहायचे टाळले. ग्रीन डे हा बँड याच खोलीत वाढला. मोठ्या कंपनीशी करार करताच इथल्या नियमाप्रमाणे त्यांना या मंचाचे दार बंद झाले, आणि १९९४ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एकट्या अमेरिकेत कोटीहून अधिक प्रती खपल्या तरी ते उघडले नाही. २०१५ मध्ये मदतनिधीच्या एका कार्यक्रमासाठी ते पुन्हा इथे वाजवून गेले. हा नियम मला जरा आडमुठा वाटतो, पण तुमच्या मिरजेतल्या जुन्या रसिकांना तो तत्काळ पटेल.

तुम्हाला खरोखर सांगायची गोष्ट वेगळीच आहे. भिंतीला टेकून मी उभी होते, आणि गिटारच्या त्या गदारोळात काहीतरी फार ओळखीचे ऐकू येत होते. घरी आल्यावर नातीने मला उलगडून दाखवले. या संगीतात गिटारवर जो मुख्य मेळ वाजतो, ज्याला ही मुले पॉवर कॉर्ड म्हणतात, त्यात फक्त दोन स्वर असतात, षड्ज आणि पंचम. त्यात गंधार नसतो, कारण आवाज मुद्दाम इतका फाडलेला असतो की मध्ये गंधार आला तर सगळेच गढूळ होते; सा आणि प तेवढे त्या गोंगाटातही एकमेकांना धरून राहतात. गंधारच नसल्यामुळे तो शुद्ध की कोमल हा प्रश्न उरत नाही, आणि तो रंग गायकाने भरायचा असतो. तुम्ही सतारमेकर गल्लीतून आणलेला तानपुरा, जो पहाटे जुळवताना तुम्ही आम्हा भावंडांना हू की चू करू देत नसत, तोही सा आणि प हेच धरून बसतो ना? चाळिशी उलटल्यावर, घामाच्या वासाने भरलेल्या एका गोदामात, मला तुमची पहाट ऐकू आली असे लिहिले तर तुम्ही हसाल, पण ती आली.

आणि आता डाग. मंचासमोर जी मोकळी जागा ठेवतात तिला पिट म्हणतात. तिथे मुले गोल धावतात, एकमेकांना खांदे मारतात, आणि मग ब्रेकडाउन आला, म्हणजे द्रुत लय एकाएकी निम्म्यावर उतरली, की सगळे एकदम हातपाय झाडू लागतात. दुरून ते भांडणासारखेच दिसते. नात त्यात शिरली, मी दोन गाणी काठावर थांबले आणि तिसऱ्याला तिला शोधण्याच्या निमित्ताने आत गेले. निमित्त म्हणते, कारण ती मला तिथून व्यवस्थित दिसत होती. माझ्या बुटाची नाडी सुटलेली होती, तिच्यावर माझाच पाय पडला आणि मी दंडावर आपटले. आई, नाडीबद्दल तू जे म्हणणार आहेस ते मला पाठ आहे. परंतु मी पडल्याक्षणी काय झाले ते ऐक. माझ्या भोवतीच्या चार-पाच जणांनी हात आडवे पसरून धावणाऱ्यांना थोपवले, मानेवर गोंदण असलेल्या एका धिप्पाड मुलाने मला काखेत धरून उभे केले, दुसऱ्याने माझा चष्मा डोक्यावर उंच धरून "कोणाचा?" असे विचारले, आणि त्या धिप्पाड मुलाने गुडघा टेकून माझी नाडी बांधली, तीही दुहेरी गाठीने. मग तो पुन्हा धावायला लागला. पडलेल्याला आधी उचलायचे, हा पिटचा पहिला नियम आहे, आणि तो कोणी पाटीवरून वाचून पाळत नाही.

कानांची काळजी करू नये. शंभर डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांहून अधिक काळ राहू नये, असे इथली सरकारी संस्था सांगते, आणि तिथला आवाज त्याहून कमी खचितच नव्हता, म्हणून आम्ही दोघींनी पहिल्या सुरापासून फोमचे बोळे कानात घातले होते. लहानपणी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या सभेला तुम्ही मला नेत असत, तेव्हा आईनेही थंडीसाठी माझ्या कानात कापूस घातलेला मला आठवतो. मी तुमच्या मांडीवर झोपून जात असे आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या समाधीपुढे हजेरी लावायला आलेल्या थोर मंडळींचे गाणे माझ्यावरून वाहून जाई. तुमची नात मात्र शेवटच्या गाडीत, रात्री बारा वाजता, टक्क जागी होती.

तिला आता तुमच्या तानपुऱ्याचा षड्ज नेमका ऐकायचा आहे, कारण गिटारच्या तारा तेवढ्या उतरवून पाहायच्या असे तिच्या मनात आहे. तो काळी एकमध्ये आहे असे मी सांगितले, पण माझ्यावर तिचा विश्वास नाही. तेव्हा रविवारी फोन करण्यापूर्वी, बाबा, तानपुरा गवसणीतून काढून जुळवून ठेवावा, आणि आईने फोन त्याच्या भोपळ्याजवळ धरावा, पंख्याखाली नको.

तुमची,
धाकटी