कोपरे मोजून वर्ग कळत नाही

संपादक महोदय,

शाळा-तपासणीत पहिली ते तिसरीच्या वर्गांना गुण दिल्याची कालच्या अंकातली बातमी वाचली. सोबतच्या छायाचित्रात मुलं हाताची घडी घालून रांगेत बसली आहेत आणि खाली ‘आदर्श वर्ग’ अशी ओळ आहे. सहा वर्षांच्या मुलांचा आदर्श वर्ग असा नसतो. ही ओळ लिहिण्याआधी एखाद्या बालवाडीताईला तरी विचारायचं होतं.

तपासणीच्या तक्त्यात वाचन कोपरा (पुस्तकं मांडलेली जागा) आहे का, भिंतीवर चित्रतक्ते लावलेत का, हो की नाही, एवढंच. यातून भिंतीची तपासणी होते, शिकवण्याची नाही. पुस्तकं मुलांच्या हाताला येतील इतक्या खाली आहेत का? न विचारता घेता येतात का? गणित चुकलं की बाई उत्तर सांगून मोकळ्या होतात, की ‘कसं केलंस?’ म्हणून विचारतात? गुण द्यायचे ते यावर.

अमेरिकेत याच वयाच्या वर्गांत काय चालतं ते मोजणारी ‘एपीक’ ही मोजपट्टी २००१ पासून आहे. तिच्यात १६ बाबी आणि प्रत्येकीला १ ते ७ गुण. वर्गनिरीक्षणाच्या ‘क्लास’ नावाच्या दुसऱ्या पद्धतीत २० मिनिटं निरीक्षण, लगेच १० मिनिटं गुणांकन, अशा सहसा चार फेऱ्या होतात. निरीक्षकाचे गुण तज्ज्ञांनी ठरवलेल्या गुणांशी जास्तीत जास्त एका गुणाच्या फरकाने ८० टक्के वेळा जुळले, तरच त्याला वर्गात पाठवतात. आपल्याकडे आधी कळवून एकच भेट, तीही वीस मिनिटांची. मग बसवलेला पाठ होतो आणि पुढच्या बाकावरची तीच पाच मुलं हात वर करतात. निदान मागची चार मुलं आधीच निवडून दर पाच मिनिटांनी ती काय करताहेत, एवढं तरी टिपा.

केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाचं तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचं लक्ष्य ठीकच आहे. पण ते मुलाचं मोजमाप झालं. त्यात घरची शिकवणीही आली. वर्गात काय चालतं ते त्यावरून कळत नाही.

आणखी एक. ठाणे-नवी मुंबईत दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांत सकाळच्या बाईंनी मांडलेल्या कोपऱ्यांतलं सामान दुपारच्या वर्गासाठी कपाटात जातं. सत्र संपताना आलेल्या तपासनीसाला रिकामी खोली दिसते आणि गुण बाईंचे कापले जातात. प्रत्येक वर्गाला एक कुलपाचं कपाट आणि चाकांची मांडणी मिळाली, तरी यातलं बरंच सुटेल. तपासणीचा तो तक्ता जसाच्या तसा छापा. पालकांनाही पाहू दे.

— एक निवृत्त केंद्रप्रमुख, कळवा