थार परतली, पण छोट्या दांड्याचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एके काळी गाजलेली गाडी नव्या रूपात बाजारात आणण्याची जी लाट सध्या आली आहे, तिचे आपल्या वाहनविषयक पुरवणीत वेळोवेळी कौतुक होत असते. ते अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु अशा पुनरागमनात नेमके काय परत येते आणि काय मागे राहते, याची चर्चा फारशी होताना दिसत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडचे ठळक उदाहरण अर्थातच महिंद्राच्या ‘थार’चे. १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून एमएम ५४०, कमांडर, मेजर असे करत हे घराणे २०१० च्या थारपर्यंत आले. ग्रामीण महाराष्ट्रात त्याने गटविकास अधिकाऱ्यांपासून वडापच्या प्रवाशांपर्यंत सर्वांना वाहिले. २ ऑक्टोबर २०२० रोजी थारचा पूर्णपणे नवा अवतार आमच्या नाशिकच्या कारखान्यातून विक्रीस आला. पुढे पाच दारांच्या ‘थार रॉक्स’ची नोंदणी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी खुली झाली, तेव्हा पहिल्या तासाभरातच १,७६,२१८ गाड्यांची मागणी नोंदली गेली. जुन्या जीपच्या वाट्याला असे भाग्य कधी आले नव्हते.

नव्या गाडीतून जे गेले त्यातले बरेचसे गेले ते बरेच झाले. मागच्या बाजूला समोरासमोर बसण्याची बाके असलेली सहा आसनी आवृत्ती सुरुवातीला होती, ती लवकरच बंद झाली. त्याबद्दल हळहळणारे लोक मला भेटतात. पण धडक बसली की आडव्या बाकावरच्या माणसाचे काय होते, हे ज्याने घाटात पाहिले आहे तो त्या बाकांसाठी रडणार नाही. धडकेत गाडी किती सुरक्षित हे तपासणाऱ्या ‘ग्लोबल एनकॅप’च्या चाचणीत या गाडीला पाचपैकी चार तारे मिळाले, ही नव्या रूपाची खरी कमाई आहे.

माझी हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे. जीपला जीपपण येते ते तिच्या उभट चेहऱ्याने नव्हे, तर गिअरच्या दांड्याशेजारी असलेल्या दुसऱ्या, छोट्या दांड्याने. तो ओढला की इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते आणि आणखी एक टप्पा पुढे गेले की ‘लो’ गिअर पडतो. भर पावसाळ्यात तांबड्या मातीच्या निसरड्या उतारावर ‘लो’मध्ये पहिला गिअर टाकून ब्रेकवरून पाय काढला, तर गाडी इंजिनाच्याच जोरावर स्वतःला आवरत पावलापावलाने खाली उतरते, तिथे ब्रेक दाबणारा घसरत जातो. वाडीवरच्या आजारी माणसाला खाली आणायचे असो की भाताची पोती वर न्यायची असोत, सह्याद्रीच्या कुशीतल्या कित्येक वस्त्यांना ही सोय आजही चैनीची नाही.

जानेवारी २०२३ पासून थारची स्वस्त आवृत्ती मिळते, तीत हा दांडाच नाही; ताकद फक्त मागच्या चाकांना. कारण करात आहे. छोट्या गाडीला तेव्हाही कमी कर होता; चार मीटरच्या आत लांबी आणि दीड लिटरपर्यंतचे डिझेल इंजिन असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के लागतो, नाहीतर थेट ४० टक्के. म्हणून दीड लिटरचे इंजिन आले आणि त्याच्यासोबत फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्याची सोय, देण्याचे टाळले गेले. ज्याला फोर बाय फोर हवे, त्याने २.२ लिटर डिझेल किंवा २ लिटर पेट्रोलची, लाखांनी महाग गाडी घ्यावी आणि वर ४० टक्के कर भरावा. बाहेरून दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच दिसत असल्याने दुसरा घोटाळाही होतो. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालण्यास मनाई असताना ती वाळूत रुतवून घेणाऱ्या हौशी पर्यटकांपैकी कितींना आपल्या गाडीची पुढची चाके नुसतीच फिरतात हे ठाऊक असते, कोण जाणे.

जगात सगळीकडे असेच चालते असेही नाही. १९९६ मध्ये बंद पडलेली ब्रॉन्को फोर्डने अमेरिकेत २०२१ साली परत आणली, ती सर्वांत स्वस्त आवृत्तीतही फोर बाय फोर. टाटांच्याच मालकीच्या लँड रोव्हरने नव्या डिफेंडरमध्ये जुनी शिडीसारखी चासी टाकून दिली, पण लो गिअर ठेवला. किमतीमुळे ती आपल्या शेतकऱ्याच्या कामाची नाही, हा भाग निराळा. याउलट टाटांच्याच १९९१ च्या सिएरामध्ये मिळणारे फोर बाय फोर नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच नावाने आलेल्या गाडीत आरंभी तरी नाही.

बहुतेक ग्राहक शहरातच गाडी चालवतात, मग दांडा हवा कशाला, असे उत्तर यावर मिळते. शहरी ग्राहकाला तो सक्तीने द्या असे माझे म्हणणे नाही. ज्याला लागतो त्याला तो परवडणाऱ्या गाडीत मिळावा, एवढेच. इंजिन लहान पडेल ही सबबही टिकत नाही. २०१० च्या थारमधले अडीच लिटरचे डिझेल इंजिन २४७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, देत होते आणि त्यावर फोर बाय फोर उत्तम चालले. आजचे दीड लिटरचे इंजिन ३०० देते. कायदा बदलण्याचीही गरज नाही, कारण चार मीटरच्या आतली अशी गाडी फोर बाय फोर असली तरी १८ टक्क्यांतच बसेल. १८ टक्क्यांत बसणारे इंजिन आणि तो छोटा दांडा, दोन्ही कंपनीकडे आज तयार आहेत. ते एकाच गाडीत बसवावेत, अशी तिला विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक