मोटारीवर वर-खाली होणारा प्रोजेक्टर पडदा चुकीचा बसवला, वर वॉरंटीही नाकारली

दि. १८ मार्च २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मोटारीवर चालणाऱ्या १२० इंची पडद्याची सदोष जोडणी व नाकारलेली वॉरंटी

महोदय,

आमच्या गावच्या (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) वाचनालयात तुमच्या माणसाने २४ जानेवारीला ८ बाय ६ फुटांचा (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १२० इंच) मोटारीचा पडदा बसवला. २६ जानेवारीला तो बंद पडला. तेव्हापासून तो खालीच लोंबतो आहे.

मोटारीचाच पडदा का घेतला, ते आधी सांगतो, कारण तुमच्या फोनवरच्या बाईंनी "तोवर भिंतीवरच बघा ना" असा सल्ला दिला होता. त्या भिंतीवर तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबांच्या तसबिरी आहेत. रोज संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना त्यांच्यासमोर होते. प्रोजेक्टरला जागाही तीच एक. काम झाले की पडदा वर जावा आणि भिंत मोकळी व्हावी, एवढ्यासाठी लोकवर्गणीतून पडद्याचे १६,४०० आणि बसवण्याचे १,५०० रुपये भरले. घरात कापूस विकायचा पडून असतानाही लोकांनी शंभर-दोनशे दिले. आता प्रार्थनेला माणसे पांढऱ्या कापडाकडे तोंड करून बसतात. हार घालायचा तर एकाने पडदा धरायचा, दुसऱ्याने मागे शिरायचे. एक आजोबा रोज विचारतात, "भाऊ, महाराजाले बाहेर कवा काढता?"

आता बिघाडाचे. तुमच्या मोटारीला चार वायरी आहेत: एक न्यूट्रल, एक अर्थिंग, एक वर जाण्याची, एक खाली येण्याची. या शेवटच्या दोन वायरींत एकाच वेळी वीज जाता कामा नये, असे तुमच्याच पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापले आहे. त्यासाठी खोक्यात वेगळे बटण दिलेले होते. त्यात एक बाजू दाबली की दुसरी आपोआप सुटते. ते बसवायला भिंतीत खाच पाडावी लागली असती. तुमच्या माणसाने ती मेहनत वाचवली आणि पंख्याच्या जुन्या बोर्डावरच्या दोन साध्या बटणांना वायरी जोडल्या. खोक्यातले बटण प्लास्टिकच्या पिशवीत तसेच पडून आहे. फोटो जोडला आहे.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर बोंडअळीवरची माहिती दाखवायची होती. खिडक्यांना चटया लावल्या, पडदा खाली घेतला. कार्यक्रम संपल्यावर वरचे बटण मीच दाबले. खालचे चालूच होते, हे खरे. पण आधी ते बंद करायचे, हे मला कोणी सांगितले नव्हते. पडदा वीतभर वर गेला आणि थांबला. कारण साधे आहे. पूर्ण खाली आल्यावर लिमिट स्विचने (टोक गाठले की आपोआप वीज तोडणाऱ्या मोटारीतल्या बटणाने) खालची वायर तोडलेली होती. पडदा जरा वर जाताच ती पुन्हा जोडली गेली आणि मोटारीला दोन्हीकडून वीज मिळाली. ना वर, ना खाली. जागच्या जागी घुरघुरत ती तापत राहिली. लाउडस्पीकर चालू असल्याने पाच-सात मिनिटे कोणाला ऐकूही आले नाही. जळका वास आला तेव्हा धावलो. थंड झाल्यावर एकेक बटण दाबून पाहिले, नुसती घुरघुर. गावच्या मिस्त्रीने वास घेतला आणि म्हणाला, "जयली."

यावर तुमचे उत्तर: "विजेच्या चढ-उतारामुळे बिघाड, वॉरंटीत बसत नाही." कोणी येऊन पाहिले नाही, मीटर लावला नाही. रात्री विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे बल्ब मंदावतो, हे मी नाकारत नाही. पण हे सकाळी झाले, आणि त्याच लाइनवरचे प्रोजेक्टर, पंखे, लाउडस्पीकर आजही ठणठणीत आहेत. चढ-उताराने एवढी एकच वस्तू कशी निवडली? नंतर कळवलेत की आमच्या पिनकोडवर दुरुस्तीची सोयच नाही. पैसे घेताना मात्र तोच पिनकोड चालला.

टांगणीही धड नाही. छत टिनाचे आहे, हे मी ऑर्डरच्या वेळी फोनवर सांगितले होते. तरी माणूस स्लॅबचे फास्टनर घेऊन आला आणि शेवटी छताखालच्या लोखंडी पाइपाला बाइंडिंग तार गुंडाळून मोकळा झाला. खाली पोरे बसतात. पाण्याच्या नळीने लेव्हल पाहिली तर डावी बाजू पाऊण इंच खाली निघाली, म्हणून त्या अंगाला कापडाला तिरपी सुरकुती पडली आहे. पडद्यावरच्या मजकुराची शेवटची ओळ तिथे वाकडी दिसते.

माझी मागणी: १५ दिवसांत मोटार विनामूल्य बदलावी, पडदा पाइपाला क्लॅम्पने पक्का व समपातळीत टांगावा आणि खोक्यातले बटण भिंतीत बसवावे. जमत नसेल तर १७,९०० रुपये परत करून पडदा स्वखर्चाने घेऊन जावा. नाहीतर मी यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. तुमच्या शहरात मला यावे लागणार नाही. तुम्हालाच इकडे यावे लागेल.

पावती, वॉरंटी कार्ड, बोर्डाचे व तारेचे फोटो जोडले आहेत. माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी कळवा. शिडी आमच्याकडे आहे. लेव्हल मात्र त्याने स्वतःची आणावी.

आपला,
सचिव, सार्वजनिक वाचनालय