मंत्रीसाहेब, नव्या एटॅग्ज तोफेची रेंज कळली, आता तोफचीच्या कानांचं बघा

मा. संरक्षणमंत्री साहेब,
सा.न.वि.वि.

मी पुण्यात धानोरीला राहते. बाबा तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले, १९९९ ला कारगिल युद्धात द्रासमध्ये बोफोर्स तोफेवर होते. आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम बाबांना कुणी सांगत नाही, कारण त्यांना त्या ऐकूच येत नाहीत, आणि टीव्ही एवढा मोठा असतो की खालच्या काकूंना बातम्या फुकटात मिळतात.

बोफोर्स म्हटलं की लोकांना १९८६ चा सौदा आणि दलालीच आठवते. बाबांना आठवतो तो ४० किलोच्या वरचा गोळा, बारा-तेरा सेकंदात असे तीन जायचे, वर हवा विरळ म्हणून मैदानापेक्षा लांब जायचे, आणि टायगर हिलला तर समोर दिसतंय त्यावर थेट नेम धरून मारलं. कानात काय, तर कापूस. तोही काढून टाकायचे, "ऑर्डर ऐकू आली पाहिजे ना गं" म्हणतात, आता यावर मी काय बोलू.

पुढं कानांच्या पेन्शनसाठी एका ऑफिसात गेलो तर म्हणे, तोफेमुळेच झालं याचा कागद आणा, वयानेही होतं असं. कागद आणायचा कुठून? दरवर्षी कान तपासून कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

आज हे लिहायचं कारण एटॅग्ज, लष्करासाठीची नवी देशी तोफ. आमच्या पाषाणच्या एआरडीईचं, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रं बनवणाऱ्या प्रयोगशाळेचं डिझाइन, मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा करार झाला, साधारण ६,९०० कोटींचा, भारत फोर्ज आणि टाटा बनवणार, पुणेकर म्हणून छाती फुगलीच, खोटं कशाला बोलू. ४८ किलोमीटरची रेंज ऐकून बाबा पण "आयला!" म्हणाले. पण साहेब, बोफोर्सची नाळ ३९ कॅलिबरची, म्हणजे तोंडाच्या व्यासाच्या ३९ पट लांब, हिची ५२ ची, आणि दारू भरायचं चेंबर २५ लिटरचं, म्हणजे दारूही जास्त बसणार. तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या पोरांच्या कानांचं काय?

ऑर्डरही ऐकू येईल असे हेडसेट तोफेसोबतच द्या, आणि भरती झाल्यापासून दरवर्षी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, काढून सर्व्हिस रेकॉर्डला लावा. एवढंच मागतेय. बाबांचं जे व्हायचं ते झालं.

उत्तर आलंच तर लेखी पाठवा. फोन नको, घरचा फोन बाबाच उचलतात.

आपली,
एका तोफचीची मुलगी