नानीच्या आंब्याची गोष्ट

चिपळूण,
१२ जून

प्रिय माधुरी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. स्टाफरूममध्ये तुझ्या वऱ्हाडी 'करून राहिली', 'येऊन राहिली'ची नक्कल झाली, सगळे हसले आणि तुलाही हसल्यासारखं करावं लागलं, हे वाचून फार वाईट वाटलं गं. अशा वेळी भांडावं की गप्प बसावं, असं तू विचारलंयस. मी दोन्ही करून पाहिलंय. मागच्या महिन्यात तिसरंच काही केलं, ते सांगते.

तुला ठाऊकच आहे, माझं नाव कळलं की समोरच्याचं मराठी बंद पडतं. नुसतं 'खोत' आडनाव ऐकलेलं असेपर्यंत सगळं सुरळीत असतं. फॉर्मवर 'नसीम' वाचलं की लगेच, "मॅडम, इधर साइन कीजिए." नोकरीच्या पहिल्याच वर्षी पालकसभेत एका गृहस्थांनी विचारलं होतं, "आप मराठी पढाएंगी?" मी इतकी चिडले की श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आवाजाने पेटवणारे शाहीर अमर शेख, इथल्या मिरजोळीचे लेखक हमीद दलवाई, सगळे एका दमात ऐकवले. ते "हां, हां" म्हणाले आणि पुढचं वाक्य परत हिंदीतच! त्या दिवशी कळलं, नुसत्या नावांनी कुणाचं मन हलत नाही.

तर मागच्या महिन्यात आमच्या वाचनालयात 'आठवणीतली माणसं' असा कार्यक्रम होता. मी नानीची गोष्ट सांगितली.

नानी पडवीत बसून आंब्याची अढी चाळत होती. पिकलेला आंबा नाकाशी धरायची, देठाशी अंगठा हलकेच दाबायची आणि मग टोपलीत ठेवायची. मी शेजारी पेंढा सारखा करत होते. पुण्याकडचे एक पाहुणे अंगणात आले. नानीची ओढणी आणि भिंतीवरची मक्केची तसबीर बघून म्हणाले, "अम्मा, ये आम कैसा दिया?" नानीने मान वर न करता सांगितलं, "तीस रुपये डझन. मराठीत विचारलंस तर अठ्ठावीस."

वाचनालयाचं छप्पर उडेल इतके लोक हसले. मी पुढे सांगितलं. पाहुणे ओशाळले, पण व्यवहाराला पक्के. शुद्ध मराठीत म्हणाले, "आजी, पंचवीसला द्या ना." नानी म्हणाली, "मराठी चांगलं बोलतोस. भाव अठ्ठावीसच." मग तीही हसली आणि चार आंबे वर घातले. ते गृहस्थ नानी होती तोवर दर मे महिन्यात यायचे. ती गेली तेव्हा दारात उभे राहून लहान मुलासारखे रडले. हे सांगताना माझाही आवाज अडला, आणि मघाशी हसणारी माणसं एकदम गप्प झाली.

कार्यक्रम संपल्यावर एक काका जवळ आले. म्हणाले, "आमचा अंडीवाला पंधरा वर्षं येतोय. मी त्याच्याशी हिंदीच बोलतो. तो कुठला, हे कधी विचारलंच नाही." दुसऱ्या आठवड्यात बाजारात भेटले तेव्हा लांबूनच ओरडले, "बाई, तो दापोलीचा निघाला!"

त्याच कार्यक्रमाआधी कुणीतरी सुचवलं होतं, "तुमच्या लोकांचं बोलणं करून दाखवा ना, मजा येईल." मी स्पष्ट नाही म्हटलं. नानीच्या बोलीत मी अंगाई ऐकली आहे. ती तोंड वेडंवाकडं करून विकायला मी बसणार नाही. तू लक्ष्मण देशपांड्यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चा प्रयोग पाहिला होतास ना? एकटा माणूस मराठवाड्याचं गाव उभं करायचा, आपण पोट धरून हसायचो, आणि बाहेर पडताना त्या गावातल्या प्रत्येकावर जीव जडलेला असायचा. तुझ्या स्टाफरूममधल्या नक्कलेत माणूसच नव्हता, नुसतं क्रियापद होतं.

म्हणून तू तुझ्या आत्याची गोष्ट सांग. तीच, हॉस्टेलवर तू आम्हाला रात्री दोनपर्यंत जागवून सांगितलेली, कापसाच्या गाडीवर बसून दलालाशी हिशोबावरून भांडणारी. तिच्याच वऱ्हाडीत सांग, एक शब्द पुणेरी करू नकोस. लोक हसतील तेव्हा थांब, हसू दे. मग तिने पै न् पै कशी वसूल केली ते सांग.

आणखी एक. परवा नववीतली एक मुलगी वर्गाबाहेर थांबली होती. वाचनालयात ती आईबरोबर आली होती म्हणे. हळूच म्हणाली, "बाई, निबंधात माझी दादी बोलते तसं लिहिलं तर मार्क जातील?" मी म्हटलं, अवतरणचिन्हात घाल आणि बिनधास्त लिही. चार पानं लिहून आणलीत पोरीने. तू आलीस की दाखवते.

ईदला आमच्याकडे बिर्याणीच असते असं धरून चाललेल्या स्टाफला यंदा तांदळाची सांदणं आणि नारळाचं दूध नेलं होतं. डबा पाच मिनिटांत रिकामा. तुला पाठवली असती, पण अकोल्यापर्यंत टिकायची नाहीत. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत तूच ये, आत्यालाही घेऊन ये.

तुझी,
नसीम