'वय झालं' म्हणून न थांबलेल्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईचं सगळं अंग ठणकतं असं सांगितलं की ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच वाक्य असायचं, 'सत्तरी उलटली, आता असं चालायचंच.' तुम्ही तसं म्हणाला नाहीत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे जाहीर पत्र.

तुमच्याकडे आलो तेव्हा आईला हात मागे नेऊन अंबाडा घालता येत नव्हता. कुशीवर वळायचं म्हटलं तरी ती कण्हायची. तुम्ही विचारलंत, "आजी, सकाळी उठल्यावर अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो?" आई म्हणाली, "चहा, आंघोळ, पूजा होईस्तोवर आखडलेलंच असतं." हा प्रश्न तोवर तिला कुणीच विचारला नव्हता. मग तुम्ही तिच्या औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावलीत आणि एकेक पाकीट वाचलंत, कारण कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनीही काहींचे स्नायू दुखतात. रोजची वेदनाशामक गोळी तर किडनीसाठी तिथल्या तिथे बंद केलीत.

कोऱ्या कागदावर तुम्ही कारणं लिहिलीत आणि रिपोर्ट येतील तसतशी खोडत गेलात. थायरॉईड कमी असला तरी अंग जड होऊन दुखतं. ड जीवनसत्त्व फारच कमी पडलं तर हाडं मऊ होऊन दुखू लागतात. चिकुनगुनिया होऊन गेल्यावर सांधे कित्येक महिने धरलेले राहतात. हाडं दुखतायत आणि रक्तही कमी आहे, असं असेल तर मायलोमा हा अस्थिमज्जेचा कॅन्सर नाही ना, हेही पाहावं लागतं. कॅन्सरचं नाव ऐकून मी घाबरले, पण तुम्ही काही लपवलं नाहीत हेच बरं वाटलं.

शेवटी ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचे आकडे, दोन्ही चांगलेच वाढलेले निघाले. दोन्ही खांदे, मान आणि कमरेखाली मांड्यांपर्यंत दुखणं, सकाळी पाऊण तासाहून जास्त आखडलेपण: पॉलिमायाल्जिया रुमॅटिका. पन्नाशीनंतरच होणारा, सत्तरीच्या आसपास जास्त दिसणारा आणि बायकांना अधिक गाठणारा हा आजार आमच्या घरात कुणी ऐकलाही नव्हता. खात्रीसाठी तुम्ही संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलंत, त्यांनीही तेच सांगितलं.

स्टिरॉइड म्हटल्यावर आई हटूनच बसली. तेव्हा तिच्याशेजारी खुर्ची ओढून तुम्ही समजावलंत: डोस लहान आहे, हळूहळू उतरवायचा, वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, मनाने एकदम बंद करायचा नाही, मधूनमधून शुगर आणि बीपी बघायचं, हाडांसाठी कॅल्शियम चालू ठेवायचं. आठवड्याच्या आतच आई स्वतःची स्वतः पलंगावरून उठली! इतका फरक पडेल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमची ऋणी आहे. या आजाराच्या जोडीने कधीकधी डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येते. नव्याने कानशिलं दुखू लागली, चावताना जबडा दुखला किंवा अंधुक दिसलं तर त्याच दिवशी या, नाहीतर दृष्टी जाऊ शकते, हे तुम्ही मोठ्या अक्षरांत लिहून दिलंत. तो कागद फ्रिजवर लावलाय. गावाकडच्या मावशीचे खांदेही असेच धरलेत. तिला घेऊन येतेय, औषधांच्या पिशवीसकट.

मनापासून आभार.

आपली,
तुमच्या एका पेशंटची मुलगी